समास

मोंटानातल्या त्या गावात सिग्नल एकच,
तोही पिवळा, नुसता मिचकावणारा.
दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी
धान्याच्या कोठाराशेजारी आमची गाडी लागते.
आत एक यंत्र, एक हीटर, मी,
आणि ती थंडगार पारदर्शक पाटी
जिच्या वतीने मी प्रत्येकीची आधीच माफी मागते.

व्हर्ना स्ट्राउड आली तेव्हा उणे अकरा होतं.
टेबलावरच्या पोराने नेहमीचंच विचारलं,
'नवऱ्याचा सेवा क्रमांक?'
'नवरा दातांच्या कवळ्या बनवतो,' ती म्हणाली,
'क्रमांक माझाय.'
आणि सांगितला, न अडखळता,
अंधारात आपल्याच घराचा जिना उतरावा तसा.

वय एकोणचाळीस. नियमाच्या चाळिशीला सात महिने कमी.
घरात कुणाला होता का? नाही.
धूम्रपान? नाही.
मग तिने कागद आडवा केला
आणि समासात, बारीक अक्षरात लिहिलं:

*धूर मी ओढला नाही. मला पाजला.
इराकमध्ये चौदा महिने ट्रक चालवला.
तळामागचा खड्डा रात्रंदिवस जळायचा:
टायर, बॅटऱ्या, रंगाचे डबे,
दवाखान्यातल्या पिशव्या, कुणाचे तरी बूट.
आमचा तंबू वारा यायचा त्याच अंगाला.
सकाळी उशीवर डोक्याएवढं पांढरं उरायचं,
बाकी काळं.*

पडद्यावर यासाठी चौकोन नाही.
चौकोन नाही म्हणजे घडलं नाही,
अकरा वर्षं मी असंच टाइप करत आलेय.
त्या दिवशी मात्र फोन लावला.
चाळीस मिनिटं तीच ती धून ऐकली.
शेवटी डॉक्टर सॅदर आल्या. मी वय सांगितलं, समास वाचून दाखवला.
पलीकडे थोडा वेळ काहीच नाही.
मग, 'गाठीला कॅलेंडर कळतं का? काढ फोटो. सही माझी.'

डावा खांदा तिचा पुरता वर जात नव्हता.
कशामुळे, ते मी विचारलं नाही.
'श्वास रोखा' म्हटलं.
ते तिला फार चांगलं जमत होतं.

या जिल्ह्यात मसूर पिकते,
म्हणून मापं आम्हाला तीच सुचतात.
एक दाणा होता, आणि काखेकडे दुसरा.
मला बोलायची परवानगी नाही.
चेहरा कोरा ठेवणं हे माझं अर्धं काम,
आणि ती माझ्या चेहऱ्याकडेच बघत होती.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात.
इथे काखेत गाठ, आणि वळसा दोनशे बारा मैलांचा,
सुई टोचायला एकदा, निकालाला एकदा,
मग दर तिसऱ्या आठवड्याला.
तिला न्यायचा ऑर्व्हिल हॉगेन, पंच्याहत्तरीचा,
व्हिएतनामहून परतल्यापासून फारसं न बोलणारा.
पिकअपमध्ये उलटीसाठी बादली,
आणि रेडिओवर फक्त गव्हाचे भाव.

मे महिन्यात तो एकटाच आला. टोपी हातात.
'पुरुषांचं बघता का?'
शर्टाच्या खिशामागे, डावीकडे,
दोन वर्षं त्याने कुणाला दाखवलं नव्हतं.
त्याला द्यायला माझ्याकडे तोच गुलाबी फॉर्म.
शेवटची पाळी कधी? या ओळीपुढे
त्याने नीट विचार करून लिहिलं:
*रात्रीची. पहाऱ्याची. १९७१.*
मी हसले. मग तोही हसला.
मग आम्ही दोघं यंत्राकडे वळलो.

आता नवा फॉर्म आलाय.
'सेवेतील धूर, रसायने, इतर संपर्क',
आणि पुढे दोन इंचांचा चौकोन.
व्हर्नाचे केस परत येतायत, आधीपेक्षा कुरळे.
टेबलाशी उभी राहून तिने तो चौकोन
अंगठ्याने मोजला.
'यात टायरसुद्धा मावणार नाहीत.'

मी पेन तिच्याकडे सरकवलं.
म्हटलं, समास आहे.