वॉर्निश वाळेपर्यंत

कडबाकुट्टीची मोटर जळाली म्हणून बोलावलं होतं.
दिवसभर तांब्याची तार भरत बसलो, चोवीस खाचा,
शेवटी वॉर्निश ओतलं आणि शेठला फोन लावला :
वाळायला रात्र जाईल.
शेठ म्हणाला, मग राहा की तिथंच,
म्हशी काय तुला हाकलतायत?

जोगेश्वरीत माझं घर. आरेतून रिक्षाने अर्धा तास.
तरी परगावी आल्यासारखा
हौदावर पाय धुतले
आणि बाजेवर मांडी घालून बसलो.

दोनशे म्हशींचं रवंथ
आधी ऐकूच येत नाही.
मग दुसरं काही ऐकू येत नाही.

दिवेलागणीला पाड्यावरून जान्या वरठा आला.
काखेत कोंबडा, कमरेला कोयता,
डोक्यावर खिडकीची गंजकी ग्रिल.
"अंधेरीची," म्हणाला, "बिल्डिंग पाडली ना.
किलोवर घेतली."
ग्रिलमध्ये लोखंडी मोर होता, पिसारा फुलवलेला,
कुण्या बाईने हौसेने बनवून घेतलेला.
याच मोरातून तिने
तीसेक वर्षं भाजीवाल्याला हाक मारली असेल.
जान्याने तो तीन दगडांवर आडवा टाकला.

रामसमुझ जौनपूरचा, गळ्यात तुळशीची माळ.
तो काही बोलला नाही.
फक्त विस्तवाच्या मधोमध विटांची एक रेघ लावली.
त्या बाजूला गोवऱ्यांच्या निखाऱ्यात त्याच्या लिट्ट्या,
या बाजूला मोराच्या छातीवर आमचा कोंबडा,
हळद, मीठ, लाल मिरची, चिंचेचा कोळ.
धूर कुठे विटा मानतो!
कधी इकडून तिकडे, कधी तिकडून इकडे.

मीही माझी मोटर आणून ठेवली, दोन हात लांब,
ऊब लागेल एवढीच.
जान्याने वाकून पाहिलं :
"ही कधी शिजायची?"

चरबी ठिबकली की जाळ उसळायचा
आणि गोठ्यात डोळे पेटायचे,
रांगेने, हिरवट, एकेका खुंट्याला दोन.
झाडांच्या डोक्यावरून टॉवरचे दिवे दिसत होते
आणि खरं सांगतो,
त्यांच्यातलं कुणीच आमच्याकडे बघत नव्हतं.

कोंबडा झाला. तंगडीची साल काळी, आत रस.
जान्याने पहिला तुकडा तोडला
आणि झाडीच्या बाजूला अंधारात भिरकावला.
कुणासाठी, ते मी विचारलं नाही.
साखळीतला कुत्रा तेवढा गोठ्यात आत सरकला.

खाताना पाहिलं, एक म्हैस वेगळी बांधलेली.
पुठ्ठ्यावर लाल रंगाची फुली.
"आटली," रामसमुझ म्हणाला. "सकाळी टेम्पो येईल."
"कुठे जाते?"
त्याने लिट्टीवरची राख झटकली,
या हातावरून त्या हातावर, पुन्हा या हातावर.
"गावाला."

जान्याचं हाड ओठाशीच थांबलं.
माझंही.
बराच वेळ फक्त रवंथ.

मग रामसमुझ उठला, लिट्टी फोडली,
स्वतःच्या वाटीतलं सगळं तूप तिच्यावर ओतलं
आणि त्या म्हशीला भरवली.
तिने त्याचं मनगट कोपरापर्यंत चाटलं.
येताना त्याचा पाय लागून एक वीट पडली.
त्याने ती पुन्हा उभी केली नाही,
आणि आमच्याकडे सरकवलेल्या दोन लिट्ट्या
आम्ही मुकाट्याने खाल्ल्या.

दोन वाजता धारा सुरू झाल्या.
बादल्यांत पहिला आवाज पत्र्याचा, मग फेसाचा.
मी जागाच होतो.

टेम्पो उजाडायच्या आत आला.
नेमकी तेव्हाच मी मोटर चालू करून बघितली.
एका झटक्यात फिरली, सुरेल, नव्यासारखी.
चाऱ्याच्या आवाजाला सगळ्या माना वळल्या.
टेम्पोतलीही.

घरी बायकोने सदरा हुंगला :
कसला हो वास हा?
म्हटलं, वॉर्निशचा.