चौथं गाणं

गाडी घेतली तेव्हा सीडी आतच अडकलेली होती.
कुरामोतो नावाचा बंदरावरचा इंजिनियर, मायदेशी निघालेला,
किल्ली देताना दोनदा वाकला, म्हणाला, माफ करा,
ही बाहेर येत नाही.
श्रीरंग म्हणाला, येत्या शुक्रवारी काढून घेऊ.

सोहारमध्ये शुक्रवार पुष्कळ येतात.

इंजिन सुरू झालं की ती आपोआप वाजते.
पहिली तीन गाणी रस्त्यातच संपतात,
सिग्नलला, गोलचक्कराला, खजुरांच्या कुंपणाशी.
चौथ्यात एक बाई आहे, माझ्याच वयाची असावी.
आवाज घशाशी धरून ठेवते,
उतू जाणाऱ्या दुधावर फुंकर घालत राहावं तशी,
आणि मग एका जागी
फुंकर थांबवते.

मराठी गाणी मी बंद केलीत.
त्यांना माझा पत्ता ठाऊक आहे.
थेट स्वयंपाकघरात शिरतात
आणि हवा तोच डबा उघडतात.
हिंदी गाणी रडू यायच्या आधीच रुमाल पुढे करतात.
ही बाई माझं काही विचारत नाही.
मला तिचं काही कळत नाही,
म्हणून तिच्यावर विश्वास बसतो.

तेव्हा रडायला फुरसतच नव्हती.
पोलिसांचा कागद, स्पॉन्सरचा कागद,
वकिलातीचा दाखला,
अरबीचं इंग्रजी, इंग्रजीवर शिक्का,
शिक्क्यावर सही.
कार्गोच्या काउंटरवर पेटी काट्यावर चढवली:
एकशे बारा किलो.
श्रीरंग बासष्टचा. बाकी लाकूड.
किलोमागे दर होता. सुटे आहेत का, तो म्हणाला,
आणि मी पर्समध्ये हात घालून
खरंच सुटे शोधले.

आता दर गुरुवारी शाळेची लॅब बंद करून
मासळीबाजाराच्या मागे, समुद्राकडे तोंड करून थांबते.
बाहेर चव्वेचाळीस अंश. काचा वर, एसी चालू.
पाचवं गाणं नाचरं आहे, टाळ्या, आरोळ्या,
कुणीतरी जाळं ओढत असल्यासारखं,
आणि बटणं तर मेलेलीच.
म्हणजे हातात चार मिनिटं, वीस सेकंद.
तेवढ्यात आटपायचं.
जमतं. माहेरी नळालासुद्धा
पाणी तेवढाच वेळ यायचं.

तिच्या गाण्यात एक शब्द पुन्हा पुन्हा येतो: अनाथा.
मला वाटायचं, बाईनं बरोबर ओळखलं.

मग मुलीच्या प्रवेशासाठी सातोएबाई शाळेत आल्या.
मी लॅब दाखवता दाखवता विचारलं.
अनाता, त्या म्हणाल्या. म्हणजे तू.
थोडं थांबल्या.
जुन्या बायका नवऱ्याला म्हणायच्या, म्हणाल्या,
नाव घ्यायचं नाही म्हणून.

हातातली परीक्षानळी मी स्टँडमध्ये ठेवली.
चुकीच्या भोकात.

म्हणजे अहो.

मी कुठे म्हणायचे त्याला अहो!
अरे श्रीरंग, दूध आण. अरे श्रीरंग, वीजबिल.
अहो फक्त सासूबाईंसमोर, वर्षातून आठवडाभर,
आणि तेव्हा तो मागे वळून बघायचा,
कोण आलंय म्हणून.

चौदा महिने ही बाई
डॅशबोर्डमधून, काचेवरच्या धुळीतून
त्याला हाक मारते आहे,
आणि मी त्याच्या सीटवर बसून
ओ देत नाही.

काल मोफिजुलच्या गॅरेजात गाडी नेली.
मॅडम, पाच रियाल द्या, तो म्हणाला, सीडी काढून देतो,
दहा मिनिटांचं काम.
मी म्हटलं, फक्त ऑइल बदल.
त्यानं खांदे उडवले, बोनेट उघडलं,
इंजिन चालू करून कान लावला.
पाचवं गाणं लागलं होतं.
मोफिजुलनं पान्यानं
बंपरवर ठेका धरला.