उजवा फ्लिपर, कधीकधी

ऑर्विल स्टेन्सरुडचा फोन आला तेव्हा
सरोवर काठाकडून गोठायला लागलं होतं
आणि मी तीच कॉफी दुसऱ्यांदा गरम करत होते.
"उजवा फ्लिपर पुन्हा मेला," तो म्हणाला,
"म्हणजे आत्ता जिवंत आहे. मघाशी मेला होता."

डुलूथच्या बंदरामागे त्याचा बार.
दुपारी तीनला तिथं दोन खलाशी, एक कुत्रं,
आणि कोपऱ्यात ते पिनबॉलचं मशीन,
काचेवर रंगवलेली पाणबुडी, तिच्या गोल खिडकीत एक बाई,
पन्नास वर्षांच्या सिगारेटींनी पिवळी पडलेली.

नाणं टाकलं. चेंडू वर गेला,
बंपरांत तडतडला, उजवीकडून घरंगळत आला,
आणि फ्लिपरनं त्याला असा भिरकावला
की आयुष्यात कधी कामचुकारपणा केलाच नाही जणू.
दहा डाव खेळले. दहाही डाव सरळ.
ऑर्विल ओशाळला. "माझ्या भावाचंही असंच," म्हणाला,
"कुणी भेटायला आलं की शुद्धीत असतो."

याआधी मी कॉइल बदलली होती;
चोर सोडून संन्याशाला फाशी.
काजळलेले संपर्क घासले, स्प्रिंग नवी घातली,
बटणामागची पट्टी केसभर वाकवली.
दर वेळी बिल दिलं. दर वेळी वाटलं, सापडलं.
दुरुस्त झालेलं आणि आपणहून थांबलेलं
बाहेरून अगदी सारखं दिसतं,
आणि पैसे दोन्हींचे मिळतात.

मग स्वयंपाकीणबाईंचा टोबिन शाळेतून आला.
तो खेळायला लागला आणि तिसऱ्या चेंडूला
उजवीकडे नुसतीच बटणाची टकटक,
चेंडू शांतपणे गटारात.
मी धावले. काच सरकवली, फळी उचलून उभी केली,
बटण दाबलं:
ठक्. ठक्. ठक्.
फळी खाली ठेवली. दाबलं. काही नाही.
उचलली. ठक्.

तिथंच स्टुलावर बसले.
इतकी वर्षं मी पाहायला म्हणून उचलत होते
आणि उचललं की ते बरं होत होतं.

जिवंत मशीनमध्ये हात घालू नये, असं मीच सगळ्यांना सांगते.
नाण्यांच्या दारातून खांद्यापर्यंत हात घातला,
गाल लाकडाला टेकलेला, डोळे मिटलेले, उपयोगच नव्हता त्यांचा.
"टोबिन, बटण दाबून धर. सोडू नकोस."
बिजागरीपाशी तारांची जुडी वळते,
तिथं एकेक तार बोटांनी चाचपत गेले.
सातवी की आठवी. वरून साबूत,
पण एका जागी मऊ,
शेंगेतला दाणा गळून जावा तशी.
चिमटीत धरली. ठक्.
सोडली. काही नाही.

वीज बंद केली, तार कापली.
आत तांब्याचे बारीक धागे,
सगळे एकदम तुटलेले नव्हते.
काहींची टोकं काळी, जुनी,
काहींची अजून चकचकीत.
फळी उचलली की एक तुटायचा, टेकवली की एक,
शेवटी दोनतीनच उरले असावेत
कधी एकमेकांना शिवत, कधी नाही.
विजेरी फिरवली तर पेटीच्या आतल्या अंगाला
पेन्सिलीनं कुणीतरी लिहिलेलं:
"उजवा फ्लिपर. कधीकधी. मार्च ८३."
खाली वेगळ्या अक्षरात: "मलाही सापडलं नाही."

चार बोटं जास्तीची तार दिली, वळायला ढील राहावी म्हणून.
डाख लावला, फुंकर मारली, फळी टेकवली.
टोबिननं नवा डाव मांडला
आणि पहिलाच चेंडू मधोमध गेला,
दोन्ही फ्लिपर ठणठणीत असताना.
त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "हा तुझा."

ऑर्विलनं गल्ला उघडला. "काय होतं? किती झाले?"
"एक तार," मी म्हटलं,
आणि निम्मेच घेतले.
त्यातले काही धागे मीच तोडले होते.