इतर

एस्टिमेट आलं लग्नपत्रिकेच्या पाठीवर.
पुढून चि. सौ. कां., मागून
दोनशे लिटरचा सोलर, स्टँड,
गरम पाण्याचा पाइप एकशेदहा फूट,
एल्बो नग बावीस,
मजुरी साडेसहा हजार,
आणि बेरजेची रेघ मारायच्या जरा आधी
इतर : बाराशे.

"इतर म्हणजे काय हो?"
दस्तगीर मुलाणीनं पेन कानामागं खोचलं.
"भिंत फोडल्यावर जे कळतं ते, वैनी."

गॅलरीतून ह्यांचा आवाज. पेपर खाली आला नाही.
"साडेसहा हजार, नुसती मजुरी?
पाणी वरून खाली येतं,
एवढंच तर करायचंय त्याला."
बत्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढली ह्यांनी.
अख्खं धरण शाईनं मोजलं,
आवर्तनं लाल पेनानं सोडली.

मी आधी दोघांना विचारलेलं.
पोवई नाक्यावरचा आठ हजार म्हणाला, वर जीएसटी.
दुसरा चार म्हणाला,
हजार ॲडव्हान्स घेऊन गेला,
तेव्हापासून त्याचा फोन
कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर राहतो.
आणि इकडे गोडोलीतली थंडी,
पहाटे किल्ल्यावरून उतरून
थेट न्हाणीघराच्या झरोक्यात बसणारी,
गिझरची कॉइल वर्षात दुसऱ्यांदा गेलेली.
साडेसहाचे सहा केले मी.
इतरला हात लावू दिला नाही त्यानं.

टाकी जिन्याच्या वळणात मावेना.
मग बाहेरून, दोराला,
वरून दोघं, खालून ओमकार नावाचं एक पोरगं,
थ्रेड टेप बांगडीसारखी मनगटात.
टाकी सज्जाला टेकली, गरागरा फिरली,
"धर, धर, सोडू नको",
आणि मग कुणीच काही बोललं नाही
ती कठड्यावरून आत येईपर्यंत.
मी खाली चहा घेऊन उभी होते.
चहावर साय आली.

दुपारी छिन्नी लागली पश्चिमेच्या भिंतीला.
तीच भिंत, ओल धरलेली,
तीनदा रंगवली, तीनदा पोपडे आले.
पलीकडे जंगमांचं न्हाणीघर.
चार वर्षं मी जंगमवहिनींशी बोलले नव्हते
ह्या ओलीवरून.
हळदीकुंकवालासुद्धा दारावरून पुढे गेले होते.

विटा निघाल्या. आत एक सांधा,
सुतळी गुंडाळलेला, वर सफेदा थापलेला,
त्याच्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी,
आणि थेंब. घाई नसलेला.
दस्तगीर वाकून बघत राहिला.
"हे कुणी केलंय?"

गॅलरीत पेपर होता.
पान उलटत नव्हतं.

ब्याण्णव साली, दिवाळीच्या सुट्टीत,
अडीचशे रुपये मजुरी वाचवली म्हणून
त्या रात्री आम्ही बाहेर जेवलो होतो.
मला अजून आठवतं, श्रीखंड होतं.

"आधीच्या मालकानं," मी म्हटलं.
हे घर आम्हीच बांधलंय,
दारावर नाव आहे, साल आहे.
दस्तगीरनं नाव वाचलेलं असणार.
"असतात अशी माणसं," तो म्हणाला,
"पण हौसेनं केलंय हां."
आणि ओमकारकडे करवत मागितली.

संध्याकाळी हिशेबाला हे स्वतः आले.
साडेसहाच मोजले.
इतरचे बाराशे वेगळे दिले, चष्मा न लावता,
पाचशेच्या दोन, शंभराच्या दोन, बोटांनी चाचपून.
दस्तगीर निघताना मला सांगून गेला,
"सकाळची पहिली बादली गारच येणार, वैनी.
पाइपभर थांबलेलं पाणी असतं ते.
निघून जाऊ द्यायचं."

गुरुवारी दूध घ्यायला उतरले तर
जंगमवहिनी पायरी धूत होत्या.
जाता जाता म्हटलं,
"ओल तुमच्याकडची नव्हती."
"माहीत होतं मला," त्या म्हणाल्या.
खराटा चालूच होता.
मी फाटकाची कडी काढली, तेव्हा मागून,
"मजुरी किती घेतली हो त्यानं?"