बाराचा भोंगा

घणसोली गावात, तळ्याकडच्या गल्लीत
माझं मेडिकल. रुंदी सहा फूट.
धर्मीबाय मढवी आठ दिवसांत तिसऱ्यांदा पायरी चढली,
ताप तसाच, लघवीची आग तशीच,
हातात नवी चिठ्ठी:
पाचशेच्या जागी साडेसातशे.

स्ट्रिप काढायला वळले आणि थांबले.
"बाय, ही गोळी कशाबरोबर घेतेस?"
"कशाबरोबर म्हंजे? सगल्यांबरोबर."
तिनं तळवा पुढे केला,
जणू गोळ्या अजून तिथेच होत्या:
सून सातच्या बसनं महापेला जाते,
जाताना मोजून देते
गुडघ्यांची पांढरी, रक्ताची लाल, तापाची लांबडी,
वरून कपभर दूध, पोटाला आधार म्हणून.
रात्री पुन्हा तोच तळवा.

कसं सांगू हिला,
की पांढरीतला चुना आणि लालमधलं लोखंड
लांबडीला पोटातच गाठतात,
हाताला धरून बसवतात, ख्यालीखुशाली विचारतात,
आणि रक्ताकडे निघालेली ती
रक्तापर्यंत पोचतच नाही.
डोस कमी नव्हता.
वाट अडली होती.

डॉक्टरांना फोन लावला.
पलीकडे थोडा वेळ नुसता पंखा ऐकू आला,
मग, "हं. पाचशेच राहू दे. वेळा तोडून दे."

तोडायच्या, पण कशावर?
घड्याळ तिला वाचता येत नाही.
"पहाटे नळाला पाणी येतं तेव्हा लांबडी, साध्या पाण्याबरोबर.
दिवा लावताना दुसरी.
बाकीच्या दोघी आणि दूध बरोबर मधोमध, बाराला."
(त्या दोघींचंही आपसात पटत नाही,
पण तो तंटा पुढच्या खेपेला.)
"बाराच्या भोंग्याला," ती म्हणाली.

कंपनी बंद पडून अठरा वर्षं झाली.
तिथे आता काचेची इमारत आहे, आवाज न करणारी.
पण जिच्याखाली हिचं भाताचं शेत गेलं
त्या कंपनीचा भोंगा
हिच्या अंगात अजून रोज वाजतो,
मिनिटाचा फरक नाही.

पायरी उतरता उतरता वळली,
"मंग आधीच्या गोल्या गेल्या कुठं?"

काय सांगणार होते मी.
सुट्टे परत देताना दहा रुपये जास्तच ठेवले.
तिनं बोटांनी चाचपून मोजले,
आणि जास्तीचे काउंटरवर सोडून गेली.