दांडे

बावन्न वर्षं मी पियानो सुरात लावले.
तारा पोलादाच्या: ओढायची, ऐकायची,
केसभर सोडायची, पुन्हा ऐकायची.
सदरलंडमधल्या शाळा, चर्चं, शिकारीचे बंगले,
आणि एका डॉक्टरीणबाईंकडचा तो,
ज्याच्या पोटात मांजरीनं पिल्लं घातली होती.

म्हणून कॅलमनं दुकानात
काळा, हलका दांडा हातात ठेवला तेव्हा
मी तो आधी कानाशी नेला.
नखानं टिचकी मारली.
ठक्.
बस, एवढंच.

"मोराग, हा ऐकायचा नसतो.
एकशे वीस ग्रॅमचे साठ होतात बघ.
पाती तुझीच राहतील, दांडे तेवढे बदलू."
पोरगा एकतीसचा. त्याच्या मनगटांना
अजून हवामान कळत नाही.

पोलाद कसं बोलायचं, सांगते.
चेंडू पात्याच्या मधोमध बसला
तर तळव्यात नुसता गोडवा.
टाचेला लागला तर कोपरापर्यंत शिवी.
जानेवारीच्या सकाळी पोटावर बसला
तर दाढा हलायच्या.
चूक कुठे झाली ते मान वर करायच्या आत
हाताला ठाऊक.
आडपडदा नाही, भीडभाड नाही.
गावात असं बोलणारी दोनच माणसं,
पोस्टातली युना आणि मी.

पण अंगठ्याच्या मुळाशी कुणीतरी
काचेचा चुरा भरलाय गेल्या मार्चपासून.
मुरंब्याची बरणी शेजाऱ्याकडे न्यावी लागते.
आणि अकराव्या होलवर, समुद्राकडून वारा असताना,
जिथे सात नंबर पुरायचा तिथे पाच,
मग चार, मग तोही ओढ्यात.
एका मेंढीनं चरता चरता मान वर केली,
पाहिलं, पुन्हा खाली घातली.
युना काही बोलली नाही.
युना बोलली नाही, म्हणजे बघा.

त्याच आठवड्यात इन्व्हरनेसहून फोन.
माझ्या जागी आलेली मुलगी,
आमच्या हॉलमधला पियानो उघडून बसलेली:
"अगदी खालच्या पट्टीच्या कुशीवर
पेन्सिलीनं काहीतरी आहे. वाचू?
चौदा ऑक्टोबर चौऱ्याहत्तर. एम. गन.
हवा दमट. पट्ट्या अडकतात. शिसं चोळलं."

शिसं म्हणायचो आपले. शिसं कुठलं त्यात.
शिसपेन्सिलीत असतं ते ग्राफाइटच.
त्याचं टोक घासून घासून
किती आखडलेली लाकडं मी चालती केली
आणि हात धुऊन विसरले.
त्या पियानोच्या तारा कधीच्या गंजल्या, बदलल्या.
अक्षर अजून वाचता येतं, म्हणाली.

कॅलमला म्हटलं, बसव.

आता मारते तेव्हा हाताला काही कळत नाही.
कळ नाही, शिवी नाही, गोडवाही नाही.
उंबऱ्यावर बूट काढून आल्यासारखा
फटका अंगात शिरतो.
मान वर करून बघावं लागतं
इतर सगळ्यांसारखं: कुठे गेला?
परवा अकराव्यावर तो
मेंढ्यांसाठी लावलेल्या तारेवरून
हिरवळीवर जाऊन बसला.
"कसा लागला?" युनानं विचारलं.
खरंच, मला सांगता येईना.

जुने नऊ दांडे कॅलमनं सुतळीनं बांधून दिले.
अठ्ठ्याहत्तर साली, हॉटेलातले सात पियानो लावून
आलेल्या पैशांत घेतलेले.
भंगारात घालवेनात.
परसात वाटाण्यांना आधार म्हणून रोवलेत,
वरची तोंडं उघडी.

काल रात्री वारा पूर्वेचा होता.
खिडकी बंद, तरी ऐकू येत होते,
नऊच्या नऊ, आपापल्या उंचीप्रमाणे.
डावीकडून तिसरा जरा उतरलाय.
उजाडलं की बोटभर आणखी खोल रोवते.