हंगामी

आमच्या घराण्यात बंदूक एकानेच धरली,
तीही एक रात्र आणि दुसऱ्या दिवसाची दुपार.
बकाराम पराते, राहणार टिमकी,
धंदा मागावर बसणे.
रोज चार आणे ठरले होते, आत्या म्हणते.
काका म्हणतात दोन, आणि तेही मिळाले नाहीत.

जमादार आला तेव्हा मागावर अर्धं लुगडं होतं, निळ्या काठाचं.
"चाल बाप्पा, शिबंदीत नाव टाकलं तुयं."
त्याने धोटा कोनाड्यात ठेवला
आणि बायकोला सांगितलं, खळ आंबू देऊ नको.
तिचं नाव कुणालाच आठवत नाही.
खळीचं मात्र सगळ्यांना आठवतं.

बंदूक तोड्याची, तोडा दवाने ओला.
कार्तिकातली थंडी, अंगावर एक पासोडी.
डावीकडे लहानू बारई, हाताला अजून पानांचा वास.
उजवीकडे ढिवरांचे सुकरू आणि बुधरू,
बंदूक खांद्यावर जाळ्यासारखी टाकून.
अरब पुढे होते, त्यांना लढाई येत होती.
हे मागे, गर्दी दिसावी म्हणून.

समोर सीताबर्डीच्या दोन टेकड्या,
एक थोरली, एक धाकटी,
दोन्हींवर कंपनीची पलटण.
अंधारात वरून आवाज आला.
बंदुका शंभर, आवाज एक.
मग थांबा.
मग पुन्हा एक.

लहानूने डोकं मातीत खुपसलं.
बकारामने मान वर केली.
त्याला तो आवाज ओळखीचा वाटला:
पावडी, धोटा, फणी.
पावडी, धोटा, फणी.
वरच्या माणसांना कुणीतरी वर्षानुवर्षं
मागावर बसवलं होतं, छडी घेऊन.
आणि आपल्या बाजूने जे वाजत होतं ते
लग्नघरात भांड्यांची उतरंड कोसळावी तसं.

सकाळी धाकट्या टेकडीवर दारूचा गाडा उडाला.
एकच आरोळी. अरब चढले, टेकडी घेतली,
मागून सगळी गर्दी धावली,
ढिवरांचे दोघे तर हसत हसत.
बकाराम धावला का?
काका म्हणतात, धावला. रक्तच तसं.
आत्या म्हणते, तोडा विझला होता, कशाला धावेल?
तो स्वतः म्हातारपणी एवढंच म्हणे,
"मी मोजत होतो."
धाकटी गेली, गाडा गेला, धूर झाला,
तरी थोरलीवरची फणी
एकदाही चुकली नव्हती.

मग मैदानातून घोडे आले.
त्याबद्दल आमच्या घरात कुणी काही सांगत नाही.
एवढंच, की नाग नदीच्या काठाने
सुकरू एकटा परत चालला होता,
डोक्यावर एकावर एक दोन मुंडाशी.

घरी खळ आंबली होती.
तिने काही न विचारता नवी शिजवली.
तो मागावर बसला, लुगडं पुरं केलं.
पण पहिलं अर्धं आणि दुसरं अर्धं
एका हाताचं वाटेना.
दुसरं इतकं घट्ट, की पाणी टाकलं तर थबकून विचार करी.
पुढे सगळं आयुष्य तो तसंच ठोकत राहिला,
सारखं, एका मापात, न थांबता.
इतवारीतले व्यापारी नाव काढत: पराते विणतो ते कापड!
पोराने एकदा विचारलं, ही ठोक कुणाकडून शिकलात?
तो फणी हातात धरून बराच वेळ बसला.
मग म्हणाला, "पायलं नाही त्याले. अंधार होता."

किल्ला वर्षातून दोन-तीनदा उघडतात.
मी एक मेला गेलो, रांगेत उभा राहिलो.
फाटकावरच्या जवानाने ओळखपत्र पाहिलं.
"पराते. घर में कोई फौज में है?"
"होता एक."
"कौन सी रेजिमेंट?"
मागची माणसं ढकलत होती.
"हंगामी," मी म्हणालो.
त्याला ते नीट ऐकू आलं नसावं.
त्याने कार्ड परत दिलं.